भाऱ्याखालची पावलं

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आहार विभागात माझ्या वहिनींच्या नावापुढे ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा नोंदवला गेला. त्याच दिवशी दुपारी त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची दिवाळीनंतरची तारीख रद्द झाली. शेरा ज्या आकड्यांवरून मारला गेला, ते त्यांच्या मनगटावरच्या घड्याळातून वजन कमी करायच्या अ‍ॅपमध्ये गेले होते. आकडे चुकीचे होते. शेरा नोंदवला जात होता तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

वहिनी हातखंब्यापासून आत, आमच्या मूळ गावी राहतात. माझा मोठा भाऊ तरुणपणीच मुंबईला गेला. तिथे तो औषधांच्या एका गोदामात आहे. गणपतीला आणि शिमग्याला येतो. घर, भातशेती, दोन गुरं आणि सड्यावरची, म्हणजे वरच्या माळावरची, थोडी आंब्याची कलमं वहिनी बघतात. मी रत्नागिरीत एका दैनिकाच्या डेस्कवर नोकरी केली आणि इथेच राहिलो, त्यामुळे घरातल्या कुणालाही डॉक्टरकडे न्यायचं असलं की ते काम माझ्याकडे येतं.

हाडांचे डॉक्टर कोल्हापूरहून महिन्यातल्या एका शनिवारी येतात. आषाढात त्यांनी वहिनींचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सांगितलं की गुडघा बदलावा लागेल, त्याआधी वजन उतरलं पाहिजे, आणि आजपासून डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी दिवाळीनंतरच्या एका शनिवारची तारीख दिली. ती तारीख कायम राहायची तर हॉस्पिटलच्या वजन कमी करायच्या कार्यक्रमात नाव घालायचं होतं आणि तिथे दोन गोष्टी बघितल्या जाणार होत्या, वजन आणि हालचाल. भावाने त्या तारखेप्रमाणे गोदामाच्या मालकाकडे रजा टाकली. मालकाने ती कुरकुर करत दिली आणि वर्षभरात पुन्हा रजा मागायची नाही असं बजावलं.

श्रावणात माझी पुतणी मुंबईहून दोन दिवस आली. येताना आईसाठी पावलं मोजायचं घड्याळ घेऊन आली. घड्याळाचं स्वतःचं एक अ‍ॅप होतं, हॉस्पिटलचं दुसरं. दोन्ही एकमेकांना जोडायची होती, म्हणजे घड्याळाने मोजलेली पावलं आपोआप हॉस्पिटलच्या अ‍ॅपमध्ये जाणार आणि तिथून आहारतज्ज्ञ बाईंना दिसणार. पुतणीने ते काम गोठ्यामागे उभं राहून केलं. घरात रेंज येत नाही. ती फक्त गोठ्यामागच्या गडग्यावर, जांभ्या दगडाच्या कुंपणाच्या वरच्या थरावर फोन ठेवला तर येते. म्हणून रोज संध्याकाळी गुरं आत घेतली की वहिनी फोन गडग्यावर ठेवायच्या आणि आकडे जाईपर्यंत शेजारी उभ्या राहायच्या. वाडीतल्या बायका येता-जाता विचारायच्या, “काय गो, मोबाईल चरायला सोडलास?”

घड्याळ डाव्या मनगटावर बांधायचं असं हॉस्पिटलने सांगितलं होतं. वहिनींनी ते हिरव्या बांगड्यांच्या वर बांधलं. अंघोळीपुरतं सोडलं तर ते कधी काढलं नाही.

अ‍ॅपचा हिशेब साधा होता. जेवढं चालाल तेवढं खा. संध्याकाळी पुतणी मुंबईहून फोन करायची, आईने दिवसभरात काय खाल्लं ते विचारून अ‍ॅपमध्ये भरायची आणि दुसऱ्या दिवशी किती खाता येईल ते सांगायची. हा आकडा दिवसेंदिवस कमी होत गेला. अ‍ॅपच्या मते वहिनी जवळजवळ बसूनच होत्या. आधी रात्रीचा भात बंद झाला, मग दुपारचा अर्धा झाला, मग भाकरी गेली. वहिनींनी ते सगळं पाळलं. ऑपरेशन हवं होतं. उतारावरून पाय टाकताना त्यांना गुडघा हातांनी धरावा लागत होता, आणि चैत्रात कलमांखाली उभं राहायचं तर त्याआधी पाय सुटा होणं भाग होतं.

नवरात्रात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापणीला आलं. आमची शेतं खाली व्हाळाकडे, ओढ्याच्या काठाला आहेत आणि खळं वर घराजवळ. मधे चढण आहे. तिथे टेम्पो जात नाही. कापलेल्या भाताचे भारे डोक्यावरून वर आणावे लागतात. डॉक्टरांनी ओझं घेऊ नका म्हणून सांगितलं होतं ते वहिनींना पाठ होतं. माणसं विचारली, मिळाली नाहीत. सगळ्यांचीच कापणी एकदम असते. आभाळ रोज दुपारनंतर भरून येत होतं. वहिनींनी चुंबळ ठेवली आणि भारे वाहायला सुरुवात केली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी चढणीच्या मध्यावर त्यांना चक्कर आली. भारा पडला, त्या बांधावर बसल्या. माझ्या चुलत भावाची बायको मागून येत होती. तिने त्यांना पाणी पाजलं, गूळ दिला आणि घरी नेऊन पोटभर भात वाढला. पुढचे तीन दिवस तिने समोर बसून त्यांना जेवायला घातलं. वहिनींनी ते संध्याकाळी फोनवर मुलीला जसंच्या तसं सांगितलं आणि मुलीने ते जसंच्या तसं अ‍ॅपमध्ये भरलं. चक्कर आल्याचं मात्र मायलेकींपैकी कुणी मला कळवलं नाही; ते मला पुढे चुलत भावाच्या बायकोकडून कळलं.

एवढं झाल्यावर तो सोमवार आला.

आहारतज्ज्ञ बाई तरुण होत्या, बोलायला मृदू. त्यांनी वहिनींना वजनकाट्यावर उभं केलं, आकडा बघितला, “उतरलंय थोडं,” म्हणाल्या आणि स्क्रीनकडे वळल्या. त्यानंतर त्यांनी वजनाचा विषय काढला नाही.

“काकी, तुम्ही दिवसभर घरातच असता ना?”

“घरातच. म्हणजे घर, गोठा, शेत... सगळं घरातलंच.”

“चालणं होत नाही तुमचं. हे बघा.” त्यांनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली. बुटक्या रेघांची रांग होती. नवरात्रातल्या रेघा सगळ्यांत बुटक्या. त्यांच्या बऱ्याच आधी मधेच एक उंच रेघ होती. बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. “आणि हा दिवस बघा. त्या दिवशी जमलं ना? मनात आणलं की जमतं.”

वहिनींनी तारीख निरखून पाहिली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “चवथीचा आदला दिवस हा. त्या दिवशी तर मी उठलेच नव्हते.”

ते खरं होतं. मी त्या दिवशी गावी होतो. गुडघा सुजला होता म्हणून वाडीतल्या बायकांनी वहिनींना हलू दिलं नव्हतं. उजवा पाय लांब करून त्या विळीवर बसल्या होत्या आणि वाडीतल्या निम्म्या घरांच्या मोदकांचे नारळ त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खवले होते.

मी ते बाईंना सांगितलं. त्या हसल्या. “काका, अ‍ॅप खोटं नाही बोलत.”

खोलीत आम्ही तिघं होतो. अ‍ॅप खोटं बोलत नसेल तर खोटं बोलणारं माणूस कोण, हे वेगळं सांगायची गरज उरली नव्हती. बाईंनी जेवणाचं पान उघडलं. तिथे तीन दिवस लाल होते.

“मंजूर होता त्याच्या दुपटीने भात आहे हा. चालणं नाही आणि वर हे. मग मी डॉक्टरांना काय सांगू?”

मी वहिनींकडे बघितलं. भात कापणी चालू आहे, भारे वाहते आहे, एवढं एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बाईंनी चार शब्द टाइप केले. ते मला वाचता आले.

बाहेर पडल्यावर मी चिडून विचारलं, “वहिनी, तुम्ही गप्प का बसलात? दिवसभर चढ-उतार करताय, ते सांगायचं नाही का?”

“कसं सांगू, भावोजी? भारे उचलू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. ते मोडलं असं कळलं तर तारीख काढून घेतली असती. त्यापेक्षा आळशी म्हणाली तर म्हणू दे. तारीख राहिली म्हणजे झालं.”

आम्ही एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघत असताना हॉस्पिटलमधून फोन आला. तारीख रद्द झाली आहे आणि ती जागा दुसऱ्या रुग्णाला दिली आहे, पुढची तारीख आहार विभागाचा अहवाल सुधारल्यावर मिळेल, असं पलीकडच्या मुलीने सांगितलं. मी फोन ठेवला आणि वहिनींना ते सांगितलं. त्यांनी आधी भावाच्या रजेचं विचारलं. गाडी लागली तेव्हा उठता उठता म्हणाल्या, “वाडीत काय सांगू आता? बसून खाते म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं?”

आमच्या वाडीत बाईला याहून वाईट बोलता येत नाही. शिवी दिली तर भांडून परतवता येते. ‘बसून खाते’ हे एकदा नावाला लागलं की पुढच्या पिढीच्या लग्नकार्यातसुद्धा निघतं. आणि हे ज्या बाईला लागलं होतं तिने लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरातला एकही भाताचा दाणा दुसऱ्याच्या डोक्यावरून येऊ दिला नव्हता.

मी पुढच्या गाडीने गावी गेलो. आलेला आकडा तपासल्याशिवाय छापायचा नाही, एवढं एकच काम मी नोकरीभर केलं होतं, आणि इथे न तपासलेल्या आकड्यावर एका माणसाचं ऑपरेशन रद्द झालं होतं. उशिरा पिकणारं गरवं भात अजून शेतात होतं. मी वहिनींना वाहू दिलं नाही. घड्याळ मागून घेतलं, माझ्या डाव्या मनगटावर बांधलं आणि व्हाळाकडच्या शेतात जाऊन चुलत भावाच्या बायकोला भारा डोक्यावर द्यायला सांगितलं.

“तुम्ही?” ती म्हणाली. “काय वो भावोजी, पेपरातल्या बातम्या डोक्यावरनं आणायचात काय?”

“दे तू.”

“देते. पण मधे टाकलात तर उचलायला मी येणार नाही. मी काय टेम्पो नाय.”

भारा डोक्यावर आला तसा माझा डावा हात आपोआप वर गेला. भारा धरायला तो वरच लागतो. उजवा हात मी रिकामा ठेवला होता, वहिनींच्या त्या हातात गुडघ्यासाठी काठी असायची. चढण चढून मी खळ्यावर आलो, भारा टाकला आणि धापा टाकत घड्याळात बघितलं. आकडा जेमतेम हलला होता. मी रिकाम्या हातांनी खाली उतरलो आणि त्याच वाटेने, तेवढंच अंतर, हात हलवत वर आलो. आता आकडा भराभर वाढला. पुन्हा भारा घेतला. पुन्हा आकडा जागच्या जागी.

घड्याळ पाय मोजतच नव्हतं. ते हाताचे झोके मोजत होतं. ज्या दिवशी वहिनींचा हात भाऱ्यावर होता त्या दिवशी त्याच्या मते वहिनी घरात बसलेल्या होत्या, आणि जितके भारे जास्त तितका दुसऱ्या दिवशीचा भात कमी.

संध्याकाळी वहिनींनी विळी काढली. घड्याळ त्यांनी बांधलं आणि एका नारळाची दोन भकलं खवली. खाली बसलेल्या बाईच्या मनगटावर आकडा पळत होता. चुलत भावाची बायको माझ्या फोनमध्ये त्याचं चित्रण करत होती. ती म्हणाली, “अगो बाय, तू तर विळीवर बसून पावसला जाऊन आलीस!” मग म्हणाली, “हे घड्याळ माझ्या बोकडाला बांध. तो मान हलवतोय दिवसभर. ऑपरेशनची तारीख त्याला तरी मिळेल.” वहिनी हसल्या. सोमवारनंतर त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

गुरुवारी मी ते चित्रण घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो. वहिनी बरोबर होत्या. भाऱ्याचं सांगायचं की नाही यावर आमचं वाटेत बोलणं झालं होतं. तारीख गेलीच आहे, आता लपवून काय राखायचं, असं मी म्हटलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती.

आहारतज्ज्ञ बाईंनी चित्रण शेवटपर्यंत बघितलं. त्या गोंधळल्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाल्या, “म्हणजे डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं असताना काकी भारे उचलत होत्या?”

“हो,” मी म्हटलं.

“मग काका, सहकार्य केलं नाही हे बरोबरच आहे ना?”

एखाद्या माणसावर दोन आरोप करायचे, पहिला खोटा ठरला की तोच पुरावा दुसऱ्यासाठी वापरायचा, हे मी कोर्टाच्या बातम्यांत पाहिलं होतं. तिथे निदान समोर वकील असतो. मी विचारलं, की शेरा कशावरून लिहिला होता, भारे उचलल्यावरून की बसून राहिल्यावरून? त्या म्हणाल्या, बसून राहिल्यावरून. मग तो आता खोटा ठरला, तो काढा. तो काढता येत नाही, त्या म्हणाल्या. एकदा पडलेला शेरा विभागाकडून निघत नाही, अ‍ॅपच्या कंपनीला कळवावं लागतं. आणि चाललेली पावलं हाताने भरली तर? ती ‘रुग्णाने स्वतः सांगितलेली’ म्हणून वेगळ्या रंगात पडतात आणि धरली जात नाहीत.

“म्हणजे माणसाने सांगितलेलं धरत नाही?”

“सिस्टीममध्ये तसंच आहे, काका.”

त्यांच्यावर ओरडून उपयोग नव्हता. मी ओरडलोही नाही. पण चक्कर आली तो दिवस मी त्यांना स्क्रीनवर दाखवायला सांगितला. आदल्या संध्याकाळी अ‍ॅपने वहिनींना मंजूर केलेलं जेवण तिथे दिसत होतं. ते मी मोठ्याने वाचलं. एवढ्यावर ही बाई भाताचा भारा घेऊन चढण चढत होती, आणि ही मंजुरी तुमच्या हॉस्पिटलच्या नावाने गेली होती, असं मी म्हटलं. बाईंनी स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली. वहिनींनी माझी बाही ओढली. “जाऊ दे, भावोजी. पोरगी आहे.”

कंपनीला मी त्याच दिवशी लिहिलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आमचा अनुभव त्यांच्यासाठी महत्त्वाचा होता. अचूक मोजणीसाठी चालताना हात नैसर्गिकपणे हलू द्यावा, अशी त्यांची सूचना होती. शेऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ते वहिनींना फोनवर वाचून दाखवलं.

“हात हलू द्यावा?” त्या म्हणाल्या. “मग भारा कोण धरेल? कंपनी?”

दिवाळीनंतरच्या शनिवारी, मूळ तारखेच्या दिवशी, कोल्हापूरचे डॉक्टर आले. मी वहिनींना अपॉइंटमेंट न घेता त्यांच्या दारात नेऊन बसवलं. भाऊ त्या आठवड्यात रजेवर आला होता. तारीख रद्द झाल्याचं कळूनही तो आला, कारण दिलेली रजा मालक बदलून देत नव्हता. त्याने उरलेले भारे वाहिले, त्या शनिवारी गुरांपाशी थांबला आणि रजा संपल्यावर मुंबईला परत गेला.

दुपारी आम्हाला आत घेतलं. डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा बघितला, वहिनींना काट्यावर उभं केलं आणि आषाढातलं वजन शेजारी ठेवून पाहिलं.

“वजन तर पुरेसं उतरलंय. तारीख कोणी काढली?”

नर्सने स्क्रीनवरचा शेरा दाखवला. त्यांनी तो वाचला. मी घड्याळाचं सांगितलं, भाऱ्यांचंही सांगितलं. चित्रण बघायला त्यांना वेळ नव्हता. बाहेर बाकावर माणसं दाटीने बसली होती.

“ओझं उचलायचं नाही असं मी सांगितलं होतं, आजी.”

“सांगितलं होतंत. पण आता भात घरात आलं, डॉक्टर. आता उचलायला काय उरलंय?”

त्यांनी नर्सला वही बघायला लावली आणि मार्गशीर्षातल्या शनिवारची जागा दिली. आहार विभागाचा अहवाल लागेल का, असं नर्सने विचारलं. “मी सांगतोय ना,” एवढं ते म्हणाले आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं. शेऱ्याचं त्यांनी काही केलं नाही. तो आपल्या हातात नाही असं म्हणाले.

भावाने मार्गशीर्षासाठी पुन्हा रजा मागितली. ती मिळाली नाही. पुतणीला मिळाली, पण ऑपरेशननंतरच्या दिवसापासून.

ठरलेल्या शनिवारी सकाळी वहिनींना भरती केलं. नर्सने बांगड्या आणि घड्याळ काढून बरोबर आलेल्या चुलत भावाच्या बायकोकडे दिलं. संमतीपत्रावर वहिनींच्या सहीखाली पतीचीही सही लागत होती. पती गावात नाहीत असं लिहून दिलं, नात्याच्या रकान्यात ‘दीर’ असं भरलं आणि सही मी केली. वहिनींना आत नेलं तेव्हा दाराबाहेर आम्ही दोघंच होतो. ऑपरेशन दुपारी नीट पार पडलं. भावाला ते फोनवर कळवलं. डॉक्टर त्याच संध्याकाळी कोल्हापूरला परत गेले.